मागे काय ठेवायचं? धडधाकट असताना करून ठेवायची कामं

लग्नपत्रिकांना हंगाम असतो, पुण्यस्मरणाच्या पत्रिका मात्र बारा महिने येतात. तासगावात छपाईचं दुकान चालवताना हे लवकर कळतं. समोरचा मुलगा फोटो देतो, रक्षाविसर्जनाची नाहीतर वर्षश्राद्धाची वेळ सांगतो. मजकूर काय टाकू विचारलं की म्हणतो, "तुमच्याकडं तयार असतोय की, त्योच घाला." असतो तयार. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, परोपकारी. हाच मजकूर साऱ्या गल्लीशी भांडलेल्या माणसालाही लागतो आणि कुणाची तक्रार येत नाही, कारण तो कुणी वाचतच नाही.

आपली आठवण कशी राहावी हे पोरांवर सोडलं की ते शेवटी छापखान्यावर येऊन पडतं. म्हणून हे काम स्वतः करायचं, हातपाय चालतायत तोवर करायचं आणि कागदावर करायचं.

दगडावर फार भरवसा ठेवू नका. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पाहा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते दोघं आहेत तोवर कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गाई सोडवताना माणूस पडला हे चित्रावरून कळतं, तो कोण होता हे कळत नाही. सामान्यांचं सोडा, साताऱ्याजवळ संगम माहुलीत महाराणी येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे अभ्यासकांना अलीकडे शोधून काढावं लागलं.

आता उलट बाजू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रही. रयतमध्ये शिकलेला कुणीही ही गोष्ट सांगेल. कर्मवीरांचा पुतळा किती फुटी आहे हे कुणी सांगणार नाही. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना जाऊन ऐंशीवर वर्षं झाली (ते १९३७ साली गेले), तरी मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. आज वानलेसवाडीला घर शोधणाऱ्याला ते कोण हे ठाऊक नसेल, पण नाव रोज तोंडात आहे. त्या माणसाचं काहीतरी अजून वापरात आहे, म्हणून नाव आहे. आपली झेप एवढी नसते, पण घरापुरती, गल्लीपुरती रीत हीच.

१. स्वतःची पत्रिका स्वतः लिहा

कोरा कागद घ्या आणि तुमच्या पुण्यस्मरणात काय छापावं ते आठ-दहा ओळींत लिहा. मग सगळी विशेषणं खोडा. "प्रेमळ" गेलं, "कष्टाळू" गेलं. "बाजारच्या दिवशी गल्लीतल्या पोरांना चिरमुरे आणायचे" हे राहिलं. "थोरल्या बहिणीची दोन्ही पोरं शिकवली" हे राहिलं. उरेल तेवढी तुमची खरी जमा. दोनच ओळी उरल्या तरी हरकत नाही, बहुतेकांच्या तेवढ्याच उरतात.

मागच्या बाजूला चार-पाच माणसांची नावं लिहा, ज्यांनी तुम्हाला आठवावं असं वाटतं. एकेका नावापुढं एकच गोष्ट: त्यानं नेमकं काय आठवावं. बायकोनं काय, धाकट्या मुलानं काय, वाट्यानं शेत करणाऱ्यानं काय. इथं पेन अडकतं. एखादं नाव असं निघतं की त्याला आपलं काय आठवेल हे आपल्याला पक्कं माहीत असतं आणि ते लिहायची लाज वाटते. बांध कोरला म्हणून भावाशी बोलणं बंद असेल, तर तो भाऊ सावडायला येऊन मुकाट्यानं उभा राहील आणि त्याच्या पोरांना बांधाचीच गोष्ट सांगेल. त्या नावापुढं खूण करा आणि आधी ते मिटवा. मोजणीला जो काय खर्च येईल तो कुठल्याही स्मारकापेक्षा सत्कारणी लागेल.

२. आठवणींची वही

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. स्वतः लिहायचा कंटाळा असेल तर नातवंडाच्या मोबाईलवर बोला.

"मी अमुक गावी अमुक साली जन्मलो" अशी सुरुवात केली की तिसऱ्या पानावर वही बंद पडते. आधी प्रसंग पकडा, साल मागून येतं. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत अशा खुंट्या भरपूर आहेत, त्यांना आठवणी अडकवता येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठं झोपला होता? बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण कामावर गेलं? १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा मुंबईहून कोण परत आलं आणि पुन्हा गेलंच नाही? विटा, आटपाडीकडचे असाल तर गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानासाठी घर सोडलं तो दिवस, कुठल्या परक्या शहरात उतरला, पहिली भाषा कुणाकडून शिकला. कृष्णाकाठचे असाल तर २००५ आणि २०१९, घरात पाणी कुठवर आलं आणि आधी काय उचललं.

प्रश्न बारीक हवा. एका नातीचं आजीशी झालेलं बोलणं माझ्याकडं टाईपाला आलं होतं. नातीनं विचारलं, "आज्जी, दुष्काळात तू काय केलंस?" आजी म्हणाली, "काय करणार, खडी फोडली." संपलं. मग पोरीनं विचारलं, "खडी फोडताना लेकरू कुठं ठेवायचीस?" त्याबरोबर दीड पान आलं: बाभळीला बांधलेली झोळी, हाताला गुंडाळलेलं फडकं, मुकादमाची नजर चुकवून पाजायला जाणं, आणि मिळालेली सुकडी आपण अर्धीच खाऊन उरलेली पदराला बांधून घरी आणणं. पहिला प्रश्न परीक्षेतला होता, दुसरा माणसाचा.

रेकॉर्डिंगची रीत सोपी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. सकाळच्या चहानंतर अर्धा तास पुरे, जास्त ताणलं की म्हातारं माणूस थकतं आणि तीच ती वाक्यं येतात. विहिरीची गोष्ट असेल तर विहिरीवर जाऊन बोला. बायका मुलांसमोर बोलत नाहीत, नातीसमोर किंवा बहिणीसमोर मोकळ्या होतात. तेव्हा घरातल्या पुरुषांनी त्या अर्ध्या तासाला बाहेर चक्कर मारून यावी. फाईलला लगेच नाव द्या: कोण बोललं, कधी, कशाबद्दल. नाहीतर वर्षभरानं एकसारख्या नावाच्या पन्नास फाईली उघडून ऐकत बसावं लागतं.

कागदावर उतरवताना भाषा शुद्ध करू नका. "आमी तवा वाड्याला जाऊन ऱ्हायलो" याचं "तेव्हा आम्ही वाड्यात स्थलांतरित झालो" केलं की आजी त्या वाक्यातून निघून जाते.

छापायचंच असेल तर धंद्याच्या विरुद्ध एक सल्ला: जाड स्मृतिग्रंथाच्या भानगडीत पडू नका. त्यातली निम्मी पानं आमदार, चेअरमन आणि सरपंचांच्या संदेशांची असतात. बत्तीस पानांची पुस्तिका आणि पन्नास प्रती कुठल्याही कुटुंबाला भरपूर होतात. मधे वंशावळ घाला, आणि तिच्यात लेकींची, सुनांची नावं माहेरच्या नावासकट घाला. जुन्या वंशावळींत बायका नसतात, निदान आपल्या पिढीपासून त्या असू द्या.

३. फोटो आणि कागद

फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, आणि साल. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो, शाई पसरते. जुने फोटो लॅमिनेट करू नका, चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही. प्रत्येकाचा मोबाईलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं ठेवा.

हे शेवटचं सांगलीकरांना समजवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पुरात गेली. घराघरातले अल्बम किती गेले त्याची मोजदाद कुणी केली नाही. नदीकाठी राहत असाल तर कागदांची पेटी माळ्यावर हवी, पलंगाखाली नको. फोटो भिजलेच तर चिकटलेले ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात हळूच सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. त्या दिवशी सवड नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, खराब होणं तेवढं थांबतं.

४. मृत्युपत्र, आणि लेकींचा प्रश्न

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सही करायची असते. साक्षीदार तुमच्याहून तरुण निवडा आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून टाका, पुढची भांडणं कमी होतात. वय झालं असेल तर "शुद्धीवर आहेत, समजून सही करत आहेत" असा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडा. गट नंबर सातबाऱ्यावर आहे तसाच लिहा. मत बदललं तर नवं करता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात.

वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. मुस्लिम घरांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला असं होत नाही. तो पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याची.

आता जे बोलायला अवघड जातं ते. आपल्याकडं दिवस संपायच्या आत बहिणींपुढं हक्कसोडपत्र येतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी "माहेर तुटेल" म्हणून त्या सही करतात. बाप गेल्याच्या दुःखात त्या सहीची शाई मिसळते आणि आयुष्यभर तशीच राहते. लेकीनं तुम्हाला कसं आठवावं याचा निकाल इथं लागतो. काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जमीन द्या, पैसे द्या, सोनं द्या. पण ठरवा तुम्ही, लिहा तुम्ही, आणि सगळी भावंडं एकत्र बसवून तोंडानं सांगा. भावानं बहिणीकडं सही मागायची वेळ येऊ देऊ नका.

५. डोळे आणि देह

नेत्रदानाचा अर्ज भरून कार्ड पाकिटात ठेवलं एवढ्यानं काम होत नाही. प्रत्यक्षात घरच्यांनी संमती द्यावी लागते आणि फोन त्यांनीच करायचा असतो, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. तोवर डोळे मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद, डोक्याखाली उशी. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांची अडचण नसते. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. म्हाताऱ्या आत्याबाई नेमक्या याच मुद्द्यावर अडून बसतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा.

देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो: सांगलीकरांना मिरजेचं शासकीय महाविद्यालय, सातारकरांना साताऱ्याचं, शिवाय कराडलाही सोय आहे. अपघात किंवा शवविच्छेदन झालेला देह, काही संसर्गजन्य आजार असलेला देह घेत नाहीत. म्हणून "घेतला नाही तर काय करायचं" हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर घरचे दारात ताटकळतात.

६. दिवसकार्याबद्दल लिहून ठेवा

दहावा करायचा की नाही, जेवणावळ घालायची की तेवढे पैसे कुठं द्यायचे, कीर्तन ठेवायचं का, हे एका पानावर लिहा. लेखी नसलं की भावकी ठरवते. आणि भावकीला खर्च करायला लावणं फार आवडतं, पैसे तिचे नसतात ना.

पुरुषांनी त्या पानावर आणखी एक वाक्य घालावं: "माझ्यामागं हिचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र काढू नये." शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं तो कित्ता इतर गावांना घालून दिला. ठराव गावाचा असला तरी त्या सकाळी अंगणात जमलेल्या चार बायकांना अडवायला नवऱ्याच्या हातचा कागद जास्त उपयोगी पडतो. त्याला कुणी मोडता घालत नाही.

राख नदीत न सोडता शेतात झाड लावायची पद्धत आता बरीच रुळली आहे. चांगली आहे, पण सगळी राख एकाच खड्ड्यात ओतू नका, खारामुळं रोप जळतं. थोडी राख, भरपूर माती, शेणखत. माण, जत, कवठेमहांकाळकडं पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा आणि मग खड्डा काढा. वड-पिंपळ विहिरीच्या कडेला लावू नका. आंबा, चिंच, जांभूळ लावा. फळ खाताना तरी माणूस नाव काढतो.

७. नावानं काही द्यायचं असेल तर

स्मशानभूमीतल्या आणि एसटी स्टँडावरच्या बाकड्यांवर नावं असतात. बसणारा त्या नावाकडं पाठ करून बसतो. शाळेत ठेव ठेवणं त्याहून बरं, पण तिथंही डोकं वापरा. जो तो दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवतो, त्यामुळं एकाच पोराला स्टेजवर सात पाकिटं मिळतात आणि सातही नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. तुम्ही काय होता ते बघा. गवंडी असाल तर भूमितीला द्या. पोहणारे असाल तर वर्षात पोहायला शिकलेल्या मुलींना द्या. शाळा सोडून पुन्हा आलेल्या पोराला वह्या-पुस्तकं द्या.

हिशेबही करून बघा. २५,००० रुपयांच्या ठेवीवर साडेसहा-सात टक्क्यांनी वर्षाला १,६२५ ते १,७५० रुपये येतात. वीस वर्षांनी त्या पैशात पेनाचा डबा यायचा. म्हणून व्याजातला काही भाग मुद्दलात परत टाकण्याची अट घाला. पावती संस्थेच्या नावाची घ्या, मुख्याध्यापकांच्या हातात रोख देऊ नका. आणि पत्रात एक ओळ हवीच: शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली तर रक्कम कशाला वापरायची. पटसंख्या घटत चाललेल्या वाडीवस्तीवर ही शंका उगाच नाही.

स्वतःचा ट्रस्ट काढायची हौस आवरा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. पोरं दोन वर्षांत कंटाळतात. चालत्या संस्थेला जोडून घ्या. पुस्तकांचंही तसंच. यशवंतराव चव्हाणांचा ग्रंथसंग्रह कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात आहे, तिथं तो वाचला जातो. आपण मात्र जुनी गाईडं आणि दिवाळी अंकांची पोती वाचनालयाच्या दारात टाकून येतो. आधी यादी पाठवा, त्यांना हवं तेवढंच द्या.

८. फोन

गुगल खात्यात इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सेटिंग आहे. तीन ते अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही सांगितलेल्या माणसाला फोटो वगैरे मिळण्याची सोय त्यात होते. फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागं खातं सांभाळणारा माणूस, नेमता येतो. फोनचा पिन एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. आणि जे कुणी पाहू नये असं वाटतं ते आजच उडवा.

९. पाकीट

मृत्युपत्राची प्रत, दिवसकार्याचं पान, नेत्रपेढीचा आणि महाविद्यालयाचा नंबर, ठेवींची यादी, वही कुठं आहे त्याची चिठ्ठी, हे सगळं एका पाकिटात घाला. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. नेत्रदानाला सहा तास असतात आणि माणूस गेल्यावर लॉकर उघडायला कागदपत्रांचे हेलपाटे असतात. घरातल्या कपाटात ठेवा. जागा दोघांना सांगा, एक घरातला आणि एक बाहेरचा, कारण घरातला त्या दिवशी भानावर नसतो. दर दिवाळीला साफसफाई करताना पाकीट उघडून नंबर बदललेत का, साक्षीदार हयात आहेत का ते बघा आणि तारीख घालून पुन्हा सही करा. मृत्युपत्रावर मात्र नुसती खाडाखोड करून चालत नाही, त्यात बदल हवा असेल तर पुन्हा दोन साक्षीदार बोलवा.